व्याज शून्य, जामीनदार हवाच

ज्यू म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर व्याज ओरपणारा सावकारच येतो. म्हणून ही गोष्ट लिहावीशी वाटली.

साल १८९२. न्यूयॉर्कची लोअर ईस्ट साइड म्हणजे रशियन साम्राज्यातल्या दंगली आणि दारिद्र्याला कंटाळून आलेल्या ज्यूंची दाटीवाटीची वस्ती. तिथल्या हेन्री स्ट्रीटवरच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, काही मंडळी जमली, वर्गणी काढली, ९५ डॉलर जमले. 'हिब्रू फ्री लोन सोसायटी'चं सुरुवातीचं भांडवल एवढंच! कर्ज ५-१० डॉलरचं, तेही बिनव्याजी. फेरीवाल्याला तेवढ्यात माल भरता यायचा. हप्ते परत आले की तेच पैसे पुढच्याला.

गरजू बांधवाकडून व्याज घेऊ नको, असं तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. (परक्याकडून घ्यायला मुभा आहे, हेही तिथेच लिहिलंय. ते लपवण्यात अर्थ नाही.) बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या ८ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात वरची कोणती, तर माणसावर हात पसरायची वेळच येऊ नये म्हणून त्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देणं. या सोसायटीने पुढे ज्यू नसलेल्यांनाही बिनव्याजीच कर्ज दिलं, म्हणजे ती मुभाही वापरली नाही. मला हे जास्त मोठं वाटतं.

कौतुक सगळे शून्य व्याजाचं करतात. माझ्या मते खरी करामत जामीनदाराची. सोनं गहाण नाही, घराचे कागद नाहीत. ओळखीच्या माणसाने सही करायची. हप्ता चुकला तर तगादा त्याच्या दारात. 'काय वाटेल ते कर, पण कुणाला जामीन राहू नकोस' हे ऐकत वाढलेल्या आपल्याला हे पचायला जडच. इथे सगळा डोलारा त्या सहीवर उभा होता.

आता कुणीतरी म्हणेल, मग आपले बचत गट व्याज का घेतात? अहो, या सोसायटीमागे देणगीदार होते, जेकब शिफसारखे बँकरसुद्धा. बिनव्याजी कर्ज वाटायचं तर कारकुनाचा पगार आणि बुडीत रक्कम दुसऱ्या कुणाला तरी सोसावी लागते. गटातल्या बायकांना कोण शिफ भेटणार? त्यांचं व्याज त्यांच्याच गटात जमा होतं आणि त्यातूनच पुढचं कर्ज निघतं. दोन्हींना एकाच तागडीत घालून बायकांना सावकार म्हणणाऱ्यांनी आधी गटाची वही उघडून बघावी.

सोसायटी आजही चालू आहे. कर्जं आता हजारो डॉलरची असतात, आणि जामीनदार अजूनही लागतोच.