स्पॉकचा मेंदू परत मिळाला, पण त्या माणसांचं काय?

काल रात्री जुन्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेतला 'स्पॉक्स ब्रेन' हा भाग पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. भाच्याने आधीच बजावलं होतं, "आत्या, हा सोड गं, सगळ्यात भिकार भागांच्या यादीत हाच वर असतो." मी हट्टाने लावला. अर्ध्यातच तो हसून लोळायला लागला. मला आधी त्याचा राग आला, मग त्या भागाचा. रात्र गेली, आमसुलं वाळत घालून झाली, तरी राग उतरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक बाई अंतराळ जहाजावर येते, सगळ्यांना बेशुद्ध करते आणि जहाजावरचा अधिकारी स्पॉक, त्याचा मेंदू काढून घेऊन जाते. जहाजाचा कप्तान कर्क आणि मंडळी तिच्या मागावर एका गोठलेल्या ग्रहावर पोचतात. वर बर्फात पुरुष रानटी जगतायत, खाली जमिनीच्या पोटात बायका उबेत राहतायत. खालची हवा, ऊब, पाणी, सगळं एक यंत्रणा चालवते आणि त्या यंत्रणेला चालवायला एक मेंदू लागतो. जुना संपत आला, म्हणून स्पॉकचा आणला, पुढच्या दहा हजार वर्षांसाठी. त्या बायकांना स्वतःला काहीच येत नाही. शिकवणारं एक शिरस्त्राण आहे, ते डोक्यावर घातलं की तीनेक तास ज्ञान राहतं, मग पाटी कोरी. ज्या बाईने मेंदू चोरला तीच नंतर विचारते, मेंदू म्हणजे काय?

भाचा हसला तो इथेच. सगळं जग इथेच हसतं. अरे, पण किती भयंकर कल्पना आहे ही! पूर्वजांनी सगळं शहाणपण एका यंत्रात भरून ठेवलं आणि आजच्या माणसाला साधा दिवा का लागतो हेही ठाऊक नाही. आज सगळे जण खिशात तेच यंत्र घेऊन फिरतायत आणि म्हणे हा भाग हास्यास्पद.

हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तो ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. आमच्या वाडीत एकच टीव्ही होता. अर्धी वाडी ओटीवर जमलेली, आणि इंग्रजी कळणारा माणूस एकच, माझा काका. तो बोटीवर खलाशी होता, जग फिरून आलेला. टीव्हीच्या बाजूला उभा राहून तो सगळं मालवणीत सांगायचा. कर्क म्हणजे 'कप्तान', स्कॉटी म्हणजे 'इंजिनवालो'. त्याला ते अंतराळयान वाटतच नसे, ती त्याची बोटच होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायाही कप्तानाची काळजी करायच्या.

त्या भागातला एक प्रसंग मला पक्का आठवत होता. स्पॉकचा मेंदू परत घेतल्यावर खालच्या बायका अंधारात बसल्यात आणि त्यातली एक विचारते, "आता आमका पाणी कोण देतलो? इहिरीत उतरूक कोणाक येता?" ओटीवर सगळे गप्प झाले होते. मी लहान होते, पण ती बाई किती वर्षं माझ्या डोक्यात बसून राहिली.

काल पाहिलं. ती बाई नाहीच. तो प्रसंगच नाही. म्हणजे काकाने तो तिथल्या तिथे उभ्या उभ्या रचला होता! पडद्यावर काय आहे? कर्क मेंदू चोरणाऱ्या बाईला दोन वाक्यांत सांगतो की आता तुम्ही वर या, पुरुषांबरोबर राहायला शिका, घरं बांधा. संपलं. लगेच शस्त्रक्रियेचा गोंधळ, स्पॉक शुद्धीवर येऊन बडबडत सुटतो, डॉक्टर म्हणतो याचं तोंड जोडायलाच नको होतं, आणि सगळे हसतात. अख्ख्या समाजाच्या ऊब-पाण्याचा आधार काढून घेतला आणि हसत निघाले! संतापाने मी भाच्याच्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

हे लिहिणारा कोणी नवशिका असता तर सोडून दिलं असतं. ली क्रोनिन या टोपणनावाने हा भाग लिहिला तो जीन कून यांनी. त्याच माणसाने आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, याच मालिकेतला 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग दिला होता. खाणीत कामगारांना मारणारा राक्षस, आणि शेवटी कळतं की ती अंडी राखणारी आई आहे. तिचं दुःख तेव्हा त्यांनी ऐकलं. मग या बायकांचं का नाही?

बरं, मान्य, त्या वर्षी मालिकेचे हाल होते. बंद पडणार होती, चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून वाचवली. मग वाहिनीने तिला शुक्रवारी रात्री दहाला ढकलली, पैसे कापले, मालिकेचे जनक रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले. तिसऱ्या वर्षाची सुरुवात याच भागाने झाली, २० सप्टेंबर १९६८. पुढच्या जूनमध्ये सगळा कारभारच आटोपला. पण या कारणांनी माझं समाधान होत नाही.

बायकांचंही बोलते. जमिनीखालच्या सगळ्या बायका तोकड्या कपड्यांत आणि डोकं रिकामं. काळ तसा होता म्हणाल तर ऐका, याच मालिकेत उहुरा ही बाई अधिकारी म्हणून जहाजाच्या मुख्य कक्षात बसून काम करत होती. म्हणजे यांना येत होतं, इथे मनावर घेतलं नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. माड आडवे, खांब आडवे, रस्ते बंद. घराघरात पंप, आणि पंप मुका. विहिरी भरलेल्या, पण रहाट केव्हाच मोडीत गेलेले, कोणाकडे धड कळशी-दोरही नाही. शेजारची सत्तरी ओलांडलेली काकी होती म्हणून निभावलं. दोराला गाठ कशी मारायची आणि कळशी कशी उलटी सोडायची हे तिने आम्हा शिकलेल्या बायकांना दाखवलं. त्या दिवशी मला काकाची ती बाई आठवली होती. मला वाटलं होतं, बघा, 'स्टार ट्रेक'वाल्यांनी हे किती आधी सांगून ठेवलंय! तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगतही सुटले होते.

सांगितलं होतं ते माझ्या काकाने. चौथी शिकलेला माणूस, इंग्रजी बोटीवर ऐकून ऐकून आलेलं. त्याने हातातलं भाषांतर सोडून आधी त्या बायकांकडे पाहिलं. पडद्यावर कोणी विचारत नव्हतं म्हणून त्याने विचारलं. बोटीवर माणूस पाण्याला किती जपतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून असेल. आता तो नाही, विचारणार कोणाला! पण काल रात्रीपासून मला तो इतका जवळचा वाटतोय की काय सांगू. त्या रविवारी ओटीवर बसलेल्या कोणाला अजून काही आठवत असेल तर मला फोन करा. खरंच करा.

भाच्याला सकाळी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काकाआजोबांचा भाग जास्त चांगला होता." हो, होता! आणि म्हणूनच 'बजेट नव्हतं' हे कोणी मला सांगू नका. शिरस्त्राणाला पैसे होते, स्पॉकच्या बिनमेंदूच्या देहाला रिमोटवर चालवायला पैसे होते. त्या एका प्रसंगाला काय लागलं असतं? एक खोली, दोन बायका आणि बंद पडलेलं ते यंत्र. खोली तर तिथे उभीच होती, बायकाही होत्या. फक्त एकीला तोंड उघडून विचारू द्यायचं होतं.