हे परदेशी जुनेर नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला सात-आठ जणांनी पाठवला. पाठवणाऱ्यांत डॉक्टर आहेत, निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक आहेत, माझा एक भाचाही आहे. मजकुराचा आशय असा: गरीब देशांना आरोग्यासाठी जी ‘सामायिक’ सॉफ्टवेअर (ज्यांचा कोड, म्हणजे आतल्या संगणकी सूचना, सगळ्यांना खुला असतो आणि जी अनेक देश वापरतात अशी) फुकट मिळतात, ती श्रीमंत देशांची जुनेरं आहेत. त्यांतून रुग्णांची माहिती परदेशात जाते. प्रत्येक देशाच्या गरजा वेगळ्या, तेव्हा ज्याने त्याने आपलं सॉफ्टवेअर आपण बनवावं. फुकट मिळालेल्या वस्तूला वाली नसतो. आणि जिथे खाट नाही, डॉक्टर नाही, तिथे ॲप कशाला?

मी बरीच वर्षं उपकेंद्रांतल्या सिस्टरांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डेटा ऑपरेटरना मासिक अहवाल भरायला शिकवत आलो आहे. त्यामुळे हा मजकूर वाचून सोडून देता आला नाही. त्यातल्या एका मुद्द्यात बरंच तथ्य आहे, ते त्या जागी मान्य करतो. बाकीचं वस्तुस्थितीला धरून नाही.

‘ही श्रीमंतांची जुनेरं आहेत’

जुनेर म्हणजे दुसऱ्याने वापरून टाकलेलं. ही सॉफ्टवेअर श्रीमंत देशांनी आधी वापरलेलीच नाहीत. सर्वांत पसरलेलं उदाहरण डीएचआयएस-२ चं घ्या. लसीकरण, बाळंतपणं, मलेरिया, टीबी यांचे आकडे आरोग्य केंद्रापासून मंत्रालयापर्यंत नेणारी ही प्रणाली आज ७० हून अधिक देशांत चालते. तिची मुळं दक्षिण आफ्रिकेत आहेत. तिथली वर्णभेदाची राजवट १९९४ मध्ये संपली तेव्हा देशात १४ वेगवेगळी आरोग्य खाती होती, आणि प्रत्येकाचे तक्ते वेगळे. एखाद्या जिल्ह्यात किती बाळांना गोवराची लस मिळाली, एवढ्या साध्या प्रश्नालाही एक उत्तर मिळत नसे. केप टाउनच्या परिसरात स्थानिक आरोग्य कर्मचारी, वेस्टर्न केप विद्यापीठातली माणसं आणि ओस्लो विद्यापीठातले संशोधक एकत्र बसले. शेकडो रकान्यांतून खरोखर लागणारी मोजकी माहिती कोणती, हे त्यांनी आधी ठरवलं. सॉफ्टवेअर त्यानंतर आलं. पैसा बराचसा नॉर्वेचा होता आणि मूळ कोड आजही ओस्लोतले लोक सांभाळतात, हे मी लपवत नाही. पण गरज तिथली होती, तक्ते तिथले होते आणि कुठला रकाना निरुपयोगी आहे हे सांगणाऱ्या नर्सही तिथल्याच होत्या. पुढे वेबवर चालणारी दुसरी आवृत्ती पहिल्यांदा कुठे वापरली गेली? केरळमध्ये, २००६ साली.

ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची प्रणाली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रचली, हे खरं. पण ती रचली केनियातल्या एल्डोरेटच्या एचआयव्ही रुग्णांसाठी, आणि २००६ मध्ये ती सुरूही तिथेच झाली. तिच्याच पायावर ‘बाह्मनी’ ही रुग्णालयासाठीची प्रणाली उभी राहिली, ती छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयासाठी. नाव आलं त्या भागातल्या एका खेड्यावरून. तीच प्रणाली नंतर नेपाळच्या डोंगराळ अछाम जिल्ह्यातल्या रुग्णालयात गेली, आफ्रिकेतल्या लेसोथोत गेली.

आणि प्रवाह उलटाही वाहिला आहे. जानेवारी २०२० मध्ये चीनमधून कोरोनाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा श्रीलंकेतल्या मूठभर लोकांनी विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची नोंद आणि पाठपुरावा करण्यासाठी डीएचआयएस-२ मध्येच काही दिवसांत नवा भाग तयार केला. हे त्यांना जमलं, कारण कोलंबो विद्यापीठात डॉक्टरांना आरोग्य-माहितीशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळत होतं. प्रणाली आतून उघडून बघता येणारी माणसं देशात आधीपासून होती. श्रीलंकेने ते काम सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि अनेक देशांनी ते उचललं. त्याच वर्षी नॉर्वेतल्या कितीतरी नगरपालिकांनी कोरोनाबाधितांच्या संपर्कात आलेली माणसं शोधण्यासाठी डीएचआयएस-२ वापरलं. पैसा जिथून आला होता त्या देशाला श्रीलंकेच्या कामाचा उपयोग झाला. याला जुनेर कसं म्हणायचं?

‘माहिती परदेशात जाते’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. सॉफ्टवेअरचा कोड सामायिक असतो, रुग्णांची माहिती सामायिक नसते. एकाच नमुन्याची तिजोरी हजार घरांत असली म्हणून हजार घरांचे दागिने एकत्र होत नाहीत. प्रत्येक देश आपल्या सर्व्हरवर स्वतंत्र प्रणाली उभी करतो, आणि ओस्लोत बसलेल्या माणसाला केनियातल्या गरोदर बाईची नोंद आपोआप दिसत नाही. सर्व्हर कुठे ठेवायचा, कुणाला किती दिसू द्यायचं, हे देशाने आपल्या कायद्याने ठरवायचं असतं. केनियाने त्यासाठीचा कायदा २०१९ मध्ये केला, आपण २०२३ मध्ये. कायदा ढिला असेल किंवा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असेल, तर माहिती जाईल. मग सॉफ्टवेअर परदेशी असो की घरचं.

कोरोना लसीकरणाचं कोविन पोर्टल तर पूर्णपणे आपलं होतं. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून (आपोआप उत्तरं देणाऱ्या खात्यातून) लस घेतलेल्यांची माहिती मिळत असल्याच्या बातम्या आल्या. पोर्टल सुरक्षित असल्याचं सरकारने सांगितलं, पण पुढे या प्रकरणात अटकही झाली. कोविनने २०० कोटींहून अधिक डोस नोंदवले आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. पण आपलं आहे म्हणून माहिती आपोआप सुरक्षित राहते, असा त्यातून अर्थ निघत नाही.

‘ज्याने त्याने आपलं बनवावं’

हा मुद्दा ऐकायला सगळ्यांत स्वाभिमानी वाटतो. प्रत्यक्षात सगळ्यांत महाग हाच पडतो. युगांडाने हे अनुभवलं आहे. तिथे इतक्या संस्थांनी इतके वेगवेगळे मोबाईल-प्रयोग सुरू केले, की जानेवारी २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाला नव्या प्रयोगांवर बंदी घालावी लागली. एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरशी जुळत नव्हतं, प्रकल्पाचे पैसे संपले की फोन कपाटात जात होते, आणि देशात नेमकं काय चाललंय हे खुद्द मंत्रालयाला माहीत नव्हतं. प्रत्येकाने ‘आपलं’ बनवलं की हेच होतं. देशांच्या बाबतीत होतं, तसंच एका देशातल्या खात्यांच्या बाबतीतही होतं.

गरजा वेगळ्या असतात हे मलाही मान्य आहे. भाषा वेगळी, जिल्ह्यांची रचना वेगळी, औषधांची यादी वेगळी. पण हे सगळं कोडला हात न लावता बदलता यावं अशीच ही सॉफ्टवेअर बांधलेली असतात. उरलेलं पुष्कळसं समान आहे. रेंज जाते, वीज जाते, बदली होते, महिनाअखेरीला घाई होते. हे अडथळे एका गरीब देशाने सोडवले की दुसऱ्याला ते पुन्हा सोडवावे लागत नाहीत.

केनियाचंच बघा. २०११ मध्ये त्यांनी देशभर एकच मध्यवर्ती सर्व्हर ठेवून काम सुरू केलं. जिल्ह्याच्या कार्यालयांत मोबाईल नेटचे मोडेम होते आणि फॉर्म अर्धा भरून होतो न होतो तोच नेट जायचं. भरलेलं सगळं पुसलं जायचं. ज्याने कधी डेटा एंट्री केली आहे त्याला ते दुःख वेगळं सांगायला नको. तेव्हा अशी सोय करण्यात आली, की नेट गेलं तरी भरलेले आकडे ब्राउझरमध्येच साठून राहतील आणि रेंज आली की एक बटण दाबून वर पाठवता येतील. केनियासाठी केलेली ही दुरुस्ती पुढे हीच प्रणाली वापरणाऱ्या सगळ्या देशांना मिळाली. प्रत्येकाने आपापलं बनवलं असतं तर प्रत्येक देशातल्या ऑपरेटरने आपापले आकडे पुसले जाताना बघितले असते.

‘फुकटच्या वस्तूला वाली नसतो’

यातच ते तथ्य आहे. सॉफ्टवेअर वापरण्याचा परवाना फुकट असला तरी सर्व्हर, प्रशिक्षण, फोन, दुरुस्ती आणि ते सांभाळणारी चार माणसं फुकट मिळत नाहीत. हा खर्च वर्षानुवर्षं देणगीदारांवर सोडणाऱ्या सरकारांचं काय होतं, ते २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आफ्रिकेतल्या एचआयव्ही कार्यक्रमांतल्या कितीतरी माणसांचे पगार एका झटक्यात बंद झाले. माहिती प्रणाली सांभाळणारेही त्यांत होते. ज्यांनी ‘फुकट आहे’ म्हणून बजेटमध्ये रकानाच ठेवला नाही, त्यांची चूक मोठी आहे.

पण मग उपाय काय? कोड खुला असेल तर पैसे गेल्यावरही प्रणाली तुमच्या हातात राहते, तुमची माणसं ती पुढे चालवू शकतात. कंपनीचं बंद सॉफ्टवेअर असेल तर करार संपला की परवान्याबरोबर ती प्रणालीही जाते. वाली लागतोच, आणि तो पगारावर नेमावा लागतो. त्यासाठी सामायिक सॉफ्टवेअर नाकारण्याची गरज नाही.

‘खाट नाही तिथे ॲप कशाला’

उच्च रक्तदाब हा खाटेवर उपचार करण्याचा आजार नाही. माणूस गोळ्या घेतो, बरं वाटतं, येणं बंद करतो आणि दोन वर्षांनी अर्धांगवायू होऊन येतो. तेव्हा मात्र खाट लागते. आपल्याकडे उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या कार्यक्रमात सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. या कार्यक्रमात ‘सिंपल’ नावाचं खुलं ॲप वापरलं गेलं. रुग्णाला क्यूआर कोड असलेलं छोटं कार्ड मिळतं. पुढच्या वेळी सिस्टर कार्ड स्कॅन करतात, बीपीचे दोन आकडे टाकतात, गोळ्या तपासतात, पुढची तारीख देतात. नेट नसलं तरी चालतं. आणि जो तारखेला आला नाही, त्याचं नाव फोन करण्याच्या यादीत येतं. हेच ॲप बांगलादेश आणि इथिओपियातही वापरलं गेलं. न आलेल्या माणसाचं नाव वेळेवर समोर येणं, यालाच मी उपचार म्हणतो.

आता मजकुरात नसलेली गोष्ट. माझ्या दृष्टीने खरी तक्रार तीच आहे.

आपल्या अंगणवाड्यांमध्ये २०१८ च्या सुमारास पोषण अभियानासाठी एक ॲप आलं. ते कॉमकेअर या खुल्या, कितीतरी देशांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर बांधलेलं होतं. देशभरात सहा लाखांच्या आसपास अंगणवाडी ताई ते वापरू लागल्या. ते मराठीत होतं. मग ते बंद करून २०२१ मध्ये केंद्राने स्वतःचं ‘पोषण ट्रॅकर’ आणलं. म्हणजे मजकुरात सुचवलंय तेच झालं. नवं ॲप आलं ते इंग्रजीत. फोन तेच जुने, दोन जीबी रॅमचे, सतत अडकणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी ताईंनी ते फोन सरकारला परत केले. पुढे पोषण ट्रॅकरमध्ये मराठीसह इतर भाषा आल्या, हेही सांगायला हवं. पण तोवर जे झालं ते त्या ताईंनी सोसलं. सॉफ्टवेअर कुणाचं, या वादात तो खर्च कुणी मोजला नाही.

एका उपकेंद्रात मी महिनाअखेरीला बसलो होतो. टेबलावर लसीकरणाचं रजिस्टर, गरोदर मातांचं रजिस्टर, औषधसाठ्याचं रजिस्टर. सिस्टर पेन्सिलने कागदावर उभ्या रेघा मारत होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, की झाले पाच. ती बेरीज त्यांनी अहवालाच्या फॉर्मवर उतरवली. मग तेच आकडे एका ॲपमध्ये, मग दुसऱ्या ॲपमध्ये. रेंज फक्त खिडकीच्या एका कोपऱ्यात येते, म्हणून फोन गजाला टेकवून ठेवलेला. बाहेर एक आजी बीपी तपासून घ्यायला तासभर थांबल्या होत्या. मी नव्या प्रणालीबद्दल सांगायला सुरुवात केली तेव्हा सिस्टरांनी एकच विचारलं: “सर, हे आलं म्हणजे यातलं एखादं रजिस्टर बंद होणार ना?”

तेव्हापासून कुठल्याही प्रशिक्षणाला गेलो की मी आधी आदेशाची प्रत मागतो आणि त्यात कोणतं रजिस्टर कोणत्या तारखेपासून बंद होतंय ते शोधतो. बहुतेक वेळा ते लिहिलेलं नसतं.