बीभत्स झालं, भयानक व्हायचं राहिलं

‘ॲगनी’ला शिव्या घालायला फार अक्कल लागत नाही. मे २०१८ मध्ये हा हॉरर व्हिडिओ गेम आला तेव्हा समीक्षकांपासून यूट्यूबवाल्यांपर्यंत बहुतेकांनी तेच केलं. माझा राग जरा वेगळा आहे. आळशी लोकांनी चार पैसे ओढायला काढलेला गेम असता तर अनइन्स्टॉल करून विसरून गेलो असतो. पण पोलंडच्या मॅडमाइंड स्टुडिओतल्या छोट्याशा टीमने यात जीव ओतलाय. ते दिसतं, म्हणूनच जास्त चरफडायला होतं.

खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण नरकात पडलेला एक जीव. मागचं काही आठवत नाही. रेड गॉडेस नावाच्या देवीला गाठायचं आणि तिथून सुटायचं. लढाई नाही, लपायचं, श्वास रोखायचा, मशाल सांभाळायची. गेम फक्त प्रौढांसाठी आहे आणि ते नावापुरतं नाही. नग्नता, लैंगिक हिंसा, छिन्नविच्छिन्न देह, सगळं आहे. ज्यांना झेपत नाही त्यांनी लांब राहावं, त्यात कमीपणा काही नाही.

सुरुवातीला खरंच तोंडाचा आ होतो. हाडादातांच्या कमानी, मांसाच्या भिंती, कुठेही नजर टाका, कोणीतरी तासन् तास बसून कोरल्यासारखं काम. गंमत अशी की पुढेही तेच. आणि त्याच्याही पुढे तेच. तासाभरात लटकलेल्या प्रेतांकडे आपलं लक्षच जात नाही, चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे जातं तेवढंसुद्धा. आपल्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस सांगितलेत, एकाच्या मुळाशी भय, दुसऱ्याच्या मुळाशी जुगुप्सा. ‘ॲगनी’ निघाला पहिल्याच्या शोधात आणि दुसऱ्याच्या दारात मुक्कामाला बसला. किळस लवकर सरावाची होते. भीती टिकवायची तर मधेमधे काहीच घडत नाही असे पॅच लागतात, आणि इथे एक कोपरा मोकळा सोडायची यांची तयारी नाही.

‘टीम छोटी होती, समजून घ्या’ हे मला पटत नाही. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१० मध्ये ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ काढला, तोही मूठभर लोकांनीच. त्यात राक्षस फार वेळ दिसतच नाही. अंधारात उभं राहिलात तर डोकं फिरायला लागतं, राक्षसाकडे बघितलंत तरी फिरतं. म्हणजे लपायचं तर अंधारात आणि अंधारच वैरी. एका नियमावर अख्खा गेम तोलला. त्याला पैसा नाही, डोकं लागलं.

वाईट याचं वाटतं की असा एक नियम ‘ॲगनी’कडेही होता. यात मेलात की संपलं नाही. तुमचा जीव देहातून बाहेर पडतो, तरंगायला लागतो, आणि वेळ संपायच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी देहात शिरायचं असतं. त्यासाठी आजूबाजूला खितपत पडलेल्या जीवांच्या डोक्यावरची पोती आधीच काढून ठेवायची. काय भारी कल्पना आहे! तुमच्यासारखाच पिचलेला कुणी, आणि तुम्ही त्याचं तोंड उघडं करताय ते पुढे त्याचा देह बळकावता यावा म्हणून. यात अपराधीपणा होता, लाज होती, खरी प्रौढांसाठीची गोष्ट होती. गेम त्याचं काय करतो? काही नाही. पोतं काढणं हे दिवा लावण्यासारखं रुटीन होऊन बसतं. वर अंधार इतका की आपल्याला कशाने मारलं हेही धड कळत नाही. मग तोच बोळ पुन्हा, तीच ओनोस्केलिस नावाची राक्षसीण पुन्हा. पहिल्यांदा तिला बघून अंगावर काटा येतो. नंतर तिची फेरी कधी संपते एवढंच आपण बघत राहतो.

गरुडपुराणातला नरकसुद्धा यापेक्षा शिस्तीचा. तिथे कुठल्या पापाला कुठली शिक्षा याचा हिशोब चोख असतो, म्हणून तर भीती वाटते. इथे कोण कशासाठी सोसतंय याचा पत्ता नाही. संवाद सपाट, सापडणाऱ्या चिठ्ठ्या मोघम, आणि दर दुसरी राक्षसीण नागडी. ‘प्रौढ’ म्हणजे एवढंच?

लोकांनी मात्र भांडण केलं ते कापलेल्या दृश्यांवरून. किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर, ६६,६६६ कॅनेडियन डॉलर मागितले होते, मिळाले त्याच्या दुपटीहून जास्त, ते ‘काहीही न लपवता नरक दाखवू’ या बोलीवर. मग वयोगटाच्या रेटिंगची अडचण आली, कन्सोलसाठी कात्री लागली. पीसीवाल्यांना कापलेलं परत आणणाऱ्या पॅचचं (गेममध्ये नंतर टाकायच्या दुरुस्तीचं) आश्वासन दिलं, तेही कायदेशीर कारणांनी बारगळलं. शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ‘ॲगनी अनरेटेड’, म्हणजे कात्री न लावलेला गेम, वेगळा विकायला आला. पैसे दिलेल्यांचा संताप रास्तच होता. पण ती दृश्यं परत आल्याने गेम तसूभरही जास्त भीतिदायक झाला नाही.

२०२१ मध्ये याच स्टुडिओने ‘सक्युबस’ काढला. लपाछपी बंद, सरळ कापाकापी. घाबरवायचा आव नसल्यामुळे तेच रक्तमांस तिथे बऱ्यापैकी खपून जातं.

‘ॲगनी’ घ्यायचाच असेल तर सेलमध्ये घ्या, अनरेटेडच घ्या, ब्राइटनेस वाढवून बसा. पहिल्या तासाभरानंतर सोडलात तरी हळहळू नका, बघण्यासारखं बहुतेक तेवढ्यातच आहे.