ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

एसयूव्हीत प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं, पेट्रोल टाकलं की ॲव्हरेज वाढतं, असं तुमच्या लेखात सरसकट लिहिलंय. कृपया असं सांगू नका, लोकांचे पैसे वाया जातात. दाब वाढला तरी आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आकडा ९१ चा ९५ झाला म्हणून लिटरमागे ऊर्जा वाढत नाही. इथेनॉलचंच बघा ना! त्याचं ऑक्टेन १०० च्या वर, पण ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी. म्हणूनच ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) ॲव्हरेज थोडं उतरतं.

फरक पडतो तो टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात, कारण तिथे दाब जास्त असतो. आमची टर्बो पेट्रोल एसयूव्ही आहे. पाच माणसं, सामान, मे महिन्याचं ऊन आणि जुना कात्रज घाट. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की बॉनेटखालून बारीक टकटक यायची. असं नॉकिंग, म्हणजे पेट्रोलने अवेळी आपोआप पेट घेणं, सुरू झालं की सेन्सर ठिणगी उशिरा पाडायला लावतो, मग ओढ कमी होते आणि पेट्रोलही जास्त जातं. अशा गाडीला, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर, जास्त ऑक्टेन जरूर द्या. साध्या इंजिनाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. (डिझेलवाल्यांचा तर प्रश्नच नाही, तिथे सीटेन बघतात, म्हणजे डिझेल दाबाखाली किती चटकन पेट घेतं ते.)

पंपावरचा मुलगा ‘साहेब, प्रीमियमच टाकतो’ म्हणाला तरी आधी टाकीच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. आणि ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा, तेही रोजच्याच रस्त्यावर. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधला आकडा एक्सप्रेसवेच्या आकड्याशी ताडून काहीच कळत नाही.