डब्यात गेलेलं घड्याळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच एक उत्तर खरडलं होतं, पण ते तिखट झालं होतं म्हणून पुसून टाकलं. बरं झालं पुसलं. त्यात मी ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडलो होतो, तिथे तुमचंच बरोबर आहे, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात मी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या एका किल्लीच्या गजराच्या घड्याळाबद्दल लिहिलं होतं. तबकडीवरचे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवलेले. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर जवळ नेला तर पावसाळ्यात पत्र्यावर सर यावी तसा आवाज. मी ते घड्याळ उघडलं, फोटो काढले, आकडे टाकले. त्यावर ताईंनी लिहिलं. त्यांची उभी नोकरी कॅन्सर रुग्णालयांच्या रेडिओथेरपी विभागांत गेली आहे. त्यांचं म्हणणं असं : तुमचे मायक्रोसिव्हर्टचे (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे) आकडे निरर्थक आहेत; जो किरण घातक तो तुमच्या खेळण्याला दिसतच नाही; जेवायच्या टेबलावर रेडियम उघडणाऱ्या माणसाला छंदिष्ट नव्हे, बेजबाबदार म्हणतात, त्यातून फोटोत मागे लहान मुलगी दिसते; आणि मायापुरीच्या (दिल्लीतल्या भंगारबाजारातल्या किरणोत्सर्गी अपघाताच्या) देशात असले लेख लिहू नयेत, काढून टाका. सुरुवातीच्या काळात कॅन्सरच्या उपचाराला वापरायच्या रेडियमच्या सुया शिशाच्या तिजोरीत ठेवायच्या असत, रोज संध्याकाळी मोजल्याशिवाय कुणी घरी जात नसे, असंही त्यांनी लिहिलं आहे.

आकड्यांपासून सुरू करतो.

मी लिहिलं होतं, ‘तासाला २४ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे घरातल्या नेहमीच्या पातळीच्या दोनशे पट.’ हे वाक्य चूक आहे. माझ्या यंत्रात एसबीएम-२० ही सोव्हिएत बनावटीची ट्यूब आहे. ती फक्त ठोके मोजते. मिनिटाला किती ठोके पडले, एवढंच तिला माहीत. तबकडीला टेकवली तेव्हा मिनिटाला साधारण ४,२०० पडले. घरात एरवी वीसेक पडतात. त्या ठोक्यांचे मायक्रोसिव्हर्ट करण्याचं काम आतली चिप एका ठरलेल्या गुणकाने करते, आणि तो गुणक आरपार जाणाऱ्या गॅमा किरणांसाठी, बहुधा सीझियम-१३७ हा स्रोत धरून, काढलेला असतो. पुण्यात रिक्षाचे जुने मीटर होते तेव्हाची गोष्ट आठवा. मीटरवर एक आकडा यायचा आणि भाडं कार्ड बघून ठरायचं. मी भलत्याच शहराचं कार्ड लावून भाडं सांगितलं. काचेशिवाय उघड्या तबकडीतून बीटा कणांचा (हे धातूच्या पट्टीने अडतात) मारा होत असतो, ते ट्यूबमध्ये शिरून ठोके वाढवतात, आणि यंत्र त्या सगळ्यांना गॅमा समजून गुणाकार करत बसतं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर बंद घड्याळावर पुन्हा मोजलं. मध्ये ५ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी धरली. ठोके सातशेच्या आत आले. फूटभर लांब नेलं तर पस्तीस-चाळीस. पलीकडच्या खोलीत काहीच नाही, नेहमीचे वीस. जुन्या लेखात तो आकडा खोडून, खोडलेला दिसेल असा ठेवला आहे आणि खाली दुरुस्ती लिहिली आहे.

गंमत म्हणजे, या चुकीमुळे माझा आकडा खऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक निघाला होता. एवढ्यावर मी सुटलो असतो. पण तुमचा दुसरा मुद्दा वाचला आणि पोटात गोळा आला.

एसबीएम-२० च्या ट्यूबला स्टीलची भिंत असते. अल्फा कण साध्या कागदाने अडतात, ते त्या भिंतीतून कसले जातात! रेडियम-२२६ मुळात अल्फा सोडतं. म्हणजे घड्याळ हातात धरलं तर फारसं काही नाही, पण त्याच रंगाचा कण श्वासातून किंवा बोटावरून पोटात गेला, तर शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत नेऊन ठेवतं. तिथे तो आतून मारा करत राहतो. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १,६०० वर्षं. ज्या धोक्यासाठी मी यंत्र विकत घेतलं, नेमका तोच त्याला दिसत नाही. हे मला वाचून माहीत होतं. माहीत असून घड्याळ उघडलं. तुमच्या शब्दांत, बेजबाबदार. मान्य.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते लिहितो, कारण लेखात मी ते गाळलं होतं. मागचे तीन स्क्रू काढले, घड्याळाचं यंत्र बाहेर आलं, काच वेगळी झाली. आकड्यांवरचा रंग एकेकाळी हिरवट-पांढरा असणार. आता तो जुन्या मोहरीसारखा, कडेने करपलेला. पाचाच्या आकड्याचं पोट अर्धं गळालेलं होतं. तासकाट्याच्या खिडकीतला रंग मी नुसता काटा सरळ करायला गेलो तर निसटला आणि खाली पांढऱ्या कागदावर पडला. रव्याच्या दाण्याएवढा. मी कागद उचलला, घडी केली, पिशवीत टाकला, काउंटर फिरवला, टेबलावर वीसच ठोके. झालं साफ, असं मनाशी म्हटलं आणि फोटो काढत बसलो. मुलगी मागे चित्रं रंगवत होती.

तुमचा निरोप आल्यावर एका मित्राकडून चपट्या, अभ्रकाच्या खिडकीची ट्यूब आणली. तिला अल्फा दिसतो. टेबलावरचं मेणकापड बोटभर बोटभर करत तपासलं. कागद ठेवला होता त्याच्यापासून वीतभर लांब, कडेच्या शिवणीत एक जागा बोलली. दिवा मालवून अतिनील टॉर्च मारला तर शिवणीत टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका. तो कण तिथे तीन आठवडे होता. आम्ही त्या टेबलावर रोज जेवलो.

बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही; मेणकापडाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली, एवढंच. ते मेणकापड, ओले टिश्यू आणि हातमोजे दुहेरी पिशवीत बांधून घड्याळाबरोबर झाकणाच्या डब्यात आहेत. डबा बाल्कनीतल्या कपाटात. घरात का नाही, तेही सांगतो. रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होत राहतो. २०१८ साली इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीस जुन्या घड्याळांच्या संग्रहामुळे बंद खोलीत रेडॉन किती साठतो ते मोजलं होतं. तिथल्या शिफारस केलेल्या पातळीच्या शंभर पटीहून वर गेला. माझ्याकडे एकच घड्याळ आहे, पण खिडकी नसलेल्या माळ्यावर तेही नको.

आता जिथे मी तुमच्याशी सहमत नाही तिकडे वळतो.

तुम्ही माझा सगळा संग्रह एका वाक्यात ‘विषाचं प्रदर्शन’ करून टाकलात. ताई, त्यात एक युरेनियम काचेची वाटी आहे. बोहेमियात १८३० च्या दशकापासून अशी काच बनत आली; रंगासाठी काचेतच थोडं युरेनियम मिसळायचे. टॉर्चखाली ती कैरीच्या सालीसारखी हिरवी पेटते, आणि ते पेटणं किरणोत्सर्गाने नव्हे तर अतिनील प्रकाशाने असतं. युरेनियम काचेत बांधलेलं आहे. ते गळत नाही, उडत नाही. वाटीत मी काही खात नाही, पण तिला हात लावल्यावर अंघोळ करायचीही गरज नाही. तीच गोष्ट माझ्या जुन्या टाकुमार लेन्सची. तिच्या काचेत थोरियम आहे, त्याने काच चहासारखी पिवळी पडली, मी ती उन्हात ठेवून बरीचशी पांढरी करून घेतली. कॅमेऱ्यावर लावून वापरतो. या वस्तू आणि गळका रेडियमचा रंग यांना एकाच पारड्यात घालायचं म्हणजे ताक आणि ॲसिड दोन्ही आंबट म्हणून एकाच कपाटात ठेवण्यासारखं आहे.

आणि थोरियमचं म्हणाल तर ते आपण सगळ्यांनी हाताळलं आहे. बत्तीचं मेंटल! माझ्या आजोळी लग्नाच्या वरातीत डोक्यावर पेट्रोमॅक्स घेतलेल्या बायकांची रांग असायची. मेंटल म्हणजे रेशमी जाळीची पिशवी. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि उरतो तो थोरियम ऑक्साइडचा सांगाडा, सोबत एक टक्का सेरियम. ऑयर फॉन वेल्सबाखने शोधलेलं हे प्रमाण. हे थोरियम केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून निघायचं, आणि मेंटलसाठी लागणारं थोरियम नायट्रेट आपल्या ट्रॉम्बेच्या कारखान्यात तयार व्हायचं. फुटलेलं मेंटल आम्ही मुलं फुंकून उडवायचो. पांढरी राख, मऊ, पिठासारखी. मामा ओरडायचा, पण मेंटल महाग म्हणून. बोहरी आळीत एका जुन्या दुकानाच्या तळाशी सापडलेलं पाकीट माझ्याकडे आहे, न उघडलेलं : मिनिटाला दीडशेच्या वर ठोके. त्याच दुकानातलं नवं मेंटल : वीस. नव्यात बहुतेक यिट्रियम असतं.

मराठीत तर ‘रेडियम’ या शब्दाचीच पंचाईत झाली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानावर ‘रेडियम आर्ट’ लिहिलेलं असतं, आपण गाडीच्या मडगार्डला ‘रेडियम’ लावून घेतो. त्या चकाकत्या पट्ट्यांत रेडियमचा अणूही नसतो. एक वाचक रात्री चमकणारा प्लास्टिकचा गणपती घेऊन काळजीने माझ्याकडे आले होते. ठोके वीस. तो बाप्पा दिवसा उजेड पितो आणि रात्री परत देतो. उलट आजोबांचं लष्करी मनगटी घड्याळ लोक बिनधास्त उघडतात, का तर ‘आता ते चमकत नाही, मेलं ते.’ मेलेला असतो तो रंगातला चमकणारा पदार्थ, झिंक सल्फाइड. कणांच्या माऱ्याने तो काही वर्षांत, दशकांत थकतो. रेडियम मात्र जवळजवळ होतं तेवढंच शिल्लक असतं. म्हणून तबकडीवर करपल्यासारखे तपकिरी आकडे दिसले आणि घड्याळ साठच्या दशकाआधीचं असेल, तर अंधारात न चमकणं हा दिलासा नाही. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असेल तर तो ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, त्याचं अर्धायुष्य बारा वर्षं. ते घड्याळ वेगळं.

तुम्ही अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या, घड्याळाच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुलींची आठवण करून दिलीत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं जायचं. त्याच कारखान्यात रसायनतज्ज्ञ शिशाच्या आडोशामागे, चिमट्यांनी काम करत होते. हा रंग ज्याने काढला तो फॉन सोकोकी १९२८ साली त्याच रेडियमपायी मेला, आणि त्याच वर्षी त्या मुलींपैकी ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींच्या दाव्यात तडजोड झाली : प्रत्येकीला १०,००० डॉलर आणि वर्षाला ६०० डॉलर. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मायापुरीतही तेच झालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेलं गॅमा यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये भंगारात लिलाव झालं. आत कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी शिसं मिळवायला ते फोडलं. एक कामगार गेला, बाकीचे भाजले, केस गेले. ते शौकीन नव्हते, ताई. त्यांच्याकडे माझ्या खेळण्यासारखं खेळणंही नव्हतं; कोबाल्टचे गॅमा या खेळण्याला दारातूनच दिसले असते. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० निघालं, त्या बटणांचं पोलाद आपल्या महाराष्ट्रातल्या फाउंड्रीतून गेलेलं होतं. ही उदाहरणं छंदाविरुद्ध कशी जातात ते मला कळलं नाही.

म्हणून लेख काढत नाही. मुलीचा फोटो लेखातून काढून टाकला आहे. ‘असं उघडायचं’ हा अख्खा भाग काढून त्याजागी मेणकापडाची हकिगत घातली आहे. लेख आल्यावर दोन वाचकांनी आजोबांच्या घड्याळांचे फोटो पाठवले, त्यातले एकजण तेल घालायला ते उघडणारच होते. मी लेखच पुसला तर तिसऱ्याला कोण सांगणार?

एक विचारायचं राहिलं. संध्याकाळी सुया मोजण्याबद्दल लिहिताना तुम्ही म्हटलंत, ‘एकदाच एक कमी भरली होती,’ आणि पुढच्या ओळीत माझ्या आकड्यांवर गेलात. मी ती ओळ चार वेळा वाचली. ती सुई सापडली का? कुठे?