सगळ्यात वर म्हणजे नक्की किती वर?

पीएचपीत (वेबसाइटची पानं बनवायची भाषा) लॉगिन टिकत नाही म्हटलं, की जो भेटेल तो हेच सांगतो: "सेशन स्टार्ट फाइलच्या सगळ्यात वर लिही, बास!" सेशन म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर गेलं तरी सर्व्हरनं आपल्याला लक्षात ठेवणं, आणि ते सुरू करणारी ओळ ही. अरे, लिहिलंय की! पीएचपीचा टॅग उघडला की लगेच तेच. आता काय कौलांवर चढून लिहू?

प्रकार एवढाच. लॉगिनचं साधं पान. पासवर्ड जुळला की नाव सेशनमध्ये ठेवायचं आणि पुढच्या पानावर "नमस्कार" म्हणून दाखवायचं. घरी झॅम्पवर (आपल्याच कॉम्प्युटरला सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) मस्त चाललं. होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चढवलं आणि पुढचं पान म्हणतं, "आधी लॉगिन करा." आत्ताच केलं ना बाबा! परत केलं. परत तेच. एरर लॉग उघडला तर हेडर्स ऑलरेडी सेंट (पानाच्या मजकुराआधी जायची माहिती आता पाठवता येणार नाही), आउटपुट सुरू झालं ओळ 1 वर. ओळ 1 वर टॅगशिवाय काही नाही. एक स्पेससुद्धा नाही.

दोन रात्री गेल्या यात. मजकूर छापणारे सगळे एको उडवले, एचटीएमएल खाली ढकललं. शेवटी नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडली, तर खाली कोपऱ्यात लिहिलेलं: यूटीएफ-8-बॉम. बॉम म्हणजे फाइलच्या तोंडाशी चिकटलेली तीन बाइटची खूण. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ब्राउझरकडे सगळ्यात आधी तेच पळतात. मजकूर एकदा निघाला की कुकी, म्हणजे ब्राउझरकडे ठेवायची ओळखचिठ्ठी, पाठवता येत नाही. कुकी नाही तर सेशन आयडी नाही, मग सर्व्हरला प्रत्येक पानावर मी नवाच माणूस.

आणि ते आले कुठून? तर मी "नमस्कार" मराठीत लिहिलं म्हणून! माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या नोटपॅडनं एएनएसआयमध्ये (अक्षरं साठवायची जुनी पद्धत, तिच्यात मराठी बसत नाही) सगळी प्रश्नचिन्हं करून ठेवली, म्हणून मराठी चालणारं यूटीएफ-8 निवडलं, आणि त्यानं न विचारता हे शेपूट लावलं. तेही पुढून! "वेलकम" लिहिणाऱ्यांना हा ताप नाहीच.

मग घरी कसं चाललं? तिथं आउटपुट बफरिंग 4096 बाइटवर होतं. मजकूर लगेच न सोडता धरून ठेवतं. म्हणजे झॅम्प इतके दिवस माझी चूक पदराखाली झाकत होतं आणि मी आपला खूश! होस्टिंगवर ते बंद.

आता लॉगिन होतंय. लॉगआउटला सेशन डिस्ट्रॉय केलं, म्हणजे सेशन मोडून टाकलं, तर त्याच पानावर माझं नाव ठाण मांडून बसलेलं. नाव ज्यात ठेवलेलं ते सेशनचं व्हेरिएबल वेगळं रिकामं करायचं असतं म्हणे! हे पहिल्याच धड्यात सांगायला काय पैसे पडत होते का?