चव नाही म्हणण्याआधी तो दगड हातात घ्या

मंगोलियाच्या राजधानीतून, उलानबाटरहून परत येऊन महिना झाला, तरी एक गोष्ट मनातून जात नाही. म्हणून लिहितेय.

तिथल्या एका पारंपरिक हॉटेलात आम्ही जेवायला गेलो होतो. खोली 'गेर'सारखी, म्हणजे त्यांच्या गोल तंबूसारखी. आधी चहा आला, सुतेई त्साय. दूध, पाणी, जराशी चहापत्ती आणि मीठ. साखर नाहीच. ग्रुपमधल्या एका काकांनी एक घोट घेऊन वाटी बाजूला सारली. मग बूझ आले. मोदकासारख्या कळ्या पाडून वाफवलेले, आत मटणाचा खिमा. लगेच पिशवीतून शेंगदाण्याची चटणी निघाली आणि 'यांच्या जेवणाला चवच नाही' असा निकाल लागला. वाढणारी मुलगी तिथेच उभी होती. तिला मराठी येत नसेल, पण तोंडं वाकडी झालेली तर दिसतात ना! मला फार वाईट वाटलं.

अहो, मसाला पिकणार कुठे तिथे? हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली जातो, पिकाला मिळतात जेमतेम तीन-चार महिने. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं घोडे, उंट, गाई-याक, शेळ्या-मेंढ्या घेऊन चाऱ्यामागे फिरत जगली. उन्हाळ्यात दूधदुभतं, त्याला ते 'पांढरं अन्न' म्हणतात. थंडीत मांस, ते 'लाल अन्न'. आपल्याला नकोशी वाटणारी ती चरबीच त्या थंडीत माणसाला तगवते. आणि आपल्याकडे चायनीजच्या मेनूत 'मंगोलियन' म्हणून जे तिखट-गोड मिळतं, ते शोधायला तिथे जाऊच नका. जगभर गाजलेलं 'मंगोलियन बार्बेक्यू'सुद्धा १९५१ च्या सुमाराला तैवानमध्ये, तैपेईत सुरू झालं.

बूझ खायची एक रीत आहे. कडेला छोटा चावा घ्यायचा, आतला गरम रस आधी ओढून घ्यायचा, मग बाकीचा खायचा. चटणीत बुडवला की तो रस गेलाच. नुसतं मीठ-कांदा, पण मटणाची चव इतकी स्वच्छ मी क्वचितच चाखलीय.

शेवटी खोरखोग आलं, म्हणजे तापलेल्या गोट्यांनी शिजवलेलं मटण. मी अलिबागकडची, मला आमची पोपटीच आठवली, मडक्यात वालाच्या शेंगा शिजवतात ती. पोपटीत मडक्याला बाहेरून जाळ लावतात. इथे विस्तवात तापवलेले गोटे थेट आत जातात. दुधाच्या कॅनमध्ये मटण, बटाटे, गाजरं आणि गोट्यांचे थर लावायचे, थोडं पाणी घालायचं आणि झाकण घट्ट बंद करायचं. मांस आतल्या आत वाफेवर शिजतं.

झाकण उघडल्यावर त्या मुलीने आधी मटण नाही वाढलं. चरबीने काळाकुळकुळीत झालेला एक गोटा तिने माझ्यापुढे धरला आणि या हातातून त्या हातात कसा झेलायचा ते करून दाखवलं. शीण जातो, तब्येतीला चांगलं, असं ते मानतात. गोटा सणसणीत गरम होता. मी झेलत राहिले, मग शेजारच्या काकांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही. चटणीची पुडी तशीच उघडी पडून होती.

रात्री हॉटेलवर हात दोनदा धुतले, तरी तळव्यांना मटणाचा वास येत होता.